धुळ्याहून सप्तशृंगी गड, पायी: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

गुढीपाडवा झाला की दर वर्षी ओळखीतला कोणीतरी विचारतोच, "यंदा मीपण येऊ का पायी?" माझं उत्तर ठरलेलं असतं. ये बाबा, पण विचारायला उशीर केलास. महाशिवरात्रीला विचारलं असतंस तर जास्त बरं झालं असतं.

गडावरचा चैत्रोत्सव रामनवमीला सुरू होतो आणि चैत्र पौर्णिमेपर्यंत चालतो. खान्देश म्हणजे देवीचं माहेर, असं आपल्याकडे मानतात. त्यामुळे धुळे, जळगाव, नंदुरबारकडून माणसं जथ्याजथ्याने पायी निघतात. धुळ्याहून मालेगाव, सौंदाणे, देवळा, कळवण, नांदुरी आणि मग गड, असं अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास भरतं. रामनवमीला पहाटे निघालं तर पाच मुक्काम करून चतुर्दशीला गडावर पोचता येतं. दिवसाला सरासरी पंचवीस-तीस किलोमीटर. कागदावर हे फार वाटत नाही. पण महिना चैत्राचा, आपल्याकडे पारा चाळिशीला टेकलेला, आणि पायाखाली डांबर.

मी पहिल्या वर्षी निघालो तेव्हा मालेगाव रस्त्यावरच्या आर्वीपर्यंत सगळ्यांच्या पुढे होतो. मागे वळून म्हातारी माणसं किती मागे पडलीत ते बघायचो आणि मनातल्या मनात खूश व्हायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच म्हातारी माणसं माझ्या शेजारून गेली आणि मी मालेगावच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला बूट काढून बसलो होतो. तिथून पुढे मी एसटीने गेलो. पुढच्या वर्षांत गड गाठला तो पहिल्या दिवशी हात राखून चालायला शिकल्यामुळे. खाली जे लिहितोय ते बहुतेक सगळं त्या एका चुकीतून निघालेलं आहे.

महाशिवरात्र: चालायला लागा

महाशिवरात्रीपासून रामनवमीपर्यंत साधारण चाळीस दिवस मिळतात. एवढे पुरतात. पहिला आठवडा रोज चार-पाच किलोमीटर, मग हळूहळू वाढवत आठ-दहापर्यंत. आठवड्यातून एकदा लांबची फेरी. धुळेकरांना यासाठी लळिंग सोयीचं आहे. शहरातून किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत नऊ-दहा किलोमीटर, जाऊन-येऊन वीस. वर किल्ल्यावर चढलात तर गुडघ्यांना घाटाची सवय होते. लळिंगच्या कुरणात लांडोर बंगला आहे, तिथे बाबासाहेब आंबेडकर 1937 साली येऊन राहिले होते. मी सरावाला जातो तेव्हा पाणी प्यायला त्या बाजूला वळतो, उगाच रस्त्यावर बसण्यापेक्षा बरं.

होळीनंतर एक गोष्ट जरूर करा: सलग दोन दिवस लांब चाला. शनिवारी वीस, रविवारी परत पंधरा. पहिल्या दिवशीची ताकद कोणाकडेही असते. दुखऱ्या पायांवर सकाळी परत उभं राहायचं आणि चालायला लागायचं, हा सराव वेगळाच आहे आणि तो कोणी करत नाही. दुसऱ्या दिवशी पहिला अर्धा तास पाय लाकडासारखे वाटतात, मग मोकळे होतात. हे एकदा अनुभवलेलं असलं की पहिल्या मुक्कामाला, झोडग्याला, पहाटे घाबरायला होत नाही.

ज्यांना शुगर आहे, बीपी आहे, छातीचा त्रास होऊन गेलाय, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. शुगरवाल्यांना पायाची जखम कळत नाही आणि लवकर भरत नाही. नवस मोठा असला तरी आईला यातलं कळतं, असं माझं मत आहे.

होळी: बूट

बूट होळीच्या आत घ्या. पाडव्याला मुहूर्तावर नवे बूट घेऊन रामनवमीला त्यातच निघणारे मी दर वर्षी बघतो. पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं. चालून चालून पाय सुजतात, म्हणून नेहमीच्या मापापेक्षा अर्धा किंवा एक नंबर मोठा घ्या, आणि दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय दिवसभराचा फुगलेला असतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहिली पाहिजे. महागडाच बूट हवा असं नाही. हलका, जाळीचा, मऊ तळव्याचा साधा चालायचा बूट पुरतो. डोंगर चढायचे जाड बूट या रस्त्यावर नकोत, आत पाय उकडतो. ते बूट घालून निदान शंभर किलोमीटर सरावाचे झालेले असू द्या.

सोबत पट्ट्याची चप्पल किंवा सँडल ठेवाच. फोड आला की बूट सोडून चपलेवर यावं लागतं.

अनवाणी चालणारेही असतात. नवस असतो, त्यावर मी काय बोलणार! एवढंच सांगतो, दुपारचं डांबर तळव्याची कातडी सोलून काढतं. अनवाणी असाल तर सकाळी नऊनंतर डांबरावर पाय ठेवू नका, कडेच्या मातीवरून चाला, आणि काचा-काटे बघायला बॅटरी चांगली घ्या.

पाडवा: पिशवी

मोठं सामान मंडळाच्या टेम्पोत जातं. पाठीवर फक्त छोटी पिशवी ठेवा: पाण्याची बाटली, ओआरएसच्या पुड्या, मोज्यांचा एक जादा जोड, चिकटपट्टी, सुई, कापूस, डेटॉल किंवा तसलंच काही, व्हॅसलीन, सुती उपरणं, टोपी, बॅटरी, थोडे पैसे, आणि कागदावर लिहिलेले घरचे दोन फोन नंबर. मोबाइल संपतो, हरवतो. कागद कुठे जात नाही.

खायला कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पहिल्या दिवसापुरती घरून न्या. भाकरी उन्हात दुसऱ्या दिवसापर्यंत धड राहत नाही. पुढे रस्त्यावर खाण्याची ददात नसते, उलट जास्तच मिळतं. त्याबद्दल पुढे.

निघायच्या आठवडाभर आधी पायाची नखं कापा, सरळ आणि आखूड, कोपरे खोल न कोरता. आदल्या रात्री कापू नका. टाचेला भेगा असतील तर पंधरा दिवस आधीपासून रोज रात्री तेल किंवा मलम चोळा. भेगेत धूळ गेली की तिसऱ्या दिवशी टाच टेकवत नाही.

चालायची वेळ

चैत्रात चालायच्या वेळा दोनच: पहाटे आणि संध्याकाळी. आम्ही साडेतीनला उठतो, चारला रस्त्यावर, साडेनऊ-दहाला जिथे असू तिथे सावली धरतो. त्या साडेपाच-सहा तासांत रमतगमत, थांबत अठरा-वीस किलोमीटर होतात. मग संध्याकाळी साडेपाचपर्यंत हलायचं नाही. जेवण, झोप, पायाची डागडुजी. संध्याकाळी आठ-दहा किलोमीटर आणि साडेआठ-नऊला मुक्काम.

चांदण्याचा हिशोबही ठेवा. नवमीचा चंद्र रात्री दीड-दोनच्या सुमारास मावळतो, म्हणून पहिल्या पहाटेला मिट्ट अंधार असतो आणि नेमका तेव्हाच आपण ट्रकांच्या महामार्गावर असतो. शेवटच्या पहाटे मात्र कळवणच्या पुढे चंद्र जवळपास उजाडेपर्यंत सोबत करतो. बॅटरीचे सेल पहिल्याच दिवशी नवे हवेत, ते यासाठी.

आता वेग. पहिल्या दिवशी असं चाला की शेजारच्याशी बोलताना दम लागू नये. मंडळातली तरणी पोरं डीजेच्या गाडीमागे नाचत पुढे जातील, जाऊ द्या. तासाला पाच मिनिटं बसा, आणि बसल्यावर पाय जमिनीपेक्षा थोडे उंचावर ठेवा. पिशवीवर, दगडावर, कुठेही. झोडगे येईपर्यंत तुम्हाला "अजून दहा किलोमीटर सहज चाललो असतो" असं वाटलं तर तुमचा दिवस बरोबर गेला. तिथे माणकेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे, भूमिज शैलीतलं, कोरीवकाम बघण्यासारखं. पहिल्या वर्षी मला ते दिसलंच नाही, मी पायाकडे बघत बसलो होतो.

पाय

इथे जरा थांबून सांगतो, कारण निम्मी माणसं फोडामुळेच गाडीत बसतात.

फोड येतो तो घासण्याने, पण घाम आणि उष्णता त्याला मदत करतात. कोरड्या कातडीपेक्षा ओली कातडी लवकर सुटते. म्हणून पहाटे निघताना बोटांच्या मध्ये, टाचेला आणि चवड्याला व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. मोजे घट्ट बसणारे, आतून शिवण न टोचणारे. दुपारच्या थांब्याला बूट-मोजे काढा, पाय धुवा, पूर्ण कोरडे करा आणि संध्याकाळी दुसरा जोड घाला. पहिला जोड धुऊन टेम्पोच्या दोरीला.

फोड यायच्या आधी तासभर सांगून येतो. एका जागी चुरचुरतं, गरम लागतं. त्या क्षणी थांबा. "पुढच्या पाणपोईवर बघू" म्हटलं की गेला पाय. जागा कोरडी करून तिथे चिकटपट्टी लावा, सुरकुती न पडता. दोन मिनिटांचं काम आहे, आणि थांबायची लाज वाटते म्हणून कोणी करत नाही.

आलाच फोड, आणि लहान असला, तर झाका आणि चाला. मोठा, ताणलेला, टेकवू न देणारा असेल तर हात साबणाने धुवा, फोड पुसून घ्या, सुई डेटॉलने नीट पुसा, फोडाच्या कडेला खालच्या बाजूने टोचा आणि पाणी दाबून काढा. वरची कातडी अजिबात सोलू नका, तीच तुमची पट्टी आहे. वर मलम, कापडाची घडी, चिकटपट्टी. आपल्याकडे सुईने दोरा ओवून फोडात तसाच ठेवायची पद्धत आहे, पाणी झिरपत राहावं म्हणून. ते करू नका. त्या दोऱ्यावरून घाण आत जाते.

हे मला शिकवलं ते अमळनेरकडच्या एका आजीने, मी मालेगावच्या अलीकडे बसलो होतो ना, तेव्हा. निंबाला मोहर आला होता आणि त्याचा बारीक सडा माझ्या उघड्या पायांवर पडत होता. तिने जवळ येऊन माझी टाच हातात घेतली, घरातल्या पोराची घ्यावी तशी. "काय व्हयनं रे भाऊ? नवा बूट घालिसन निंघना का?" मी मान हलवली. तिने कमरेच्या पिशवीतून कापसाचा बोळा काढला, पाणी टिपलं, स्वतःच्या पदराची कड फाडून बांधली. मी म्हटलं, आजी, बाकीचे पुढे गेले. ती म्हणाली, "जाऊ दे. गड आठेच शे, तो कोठे पयी जास?" म्हणजे गड इथेच आहे, तो कुठे पळून जातोय? तिचे स्वतःचे पाय मी तेव्हा पाहिले. प्लास्टिकची जुनी चप्पल, आणि एकही फोड नाही.

मांड्या घासून लाल होणं हा दुसरा त्रास. पुरुष मंडळी सांगत नाहीत आणि मग पाय फाकवून चालतात. सैल सुती पायजम्याखाली मांडीपर्यंतची आखूड घट्ट चड्डी घाला आणि तिथेही व्हॅसलीन लावा. बायकांनाही हेच. साडीत चालणाऱ्या माझ्या वहिनी आतून लेगिंग घालतात आणि त्यांना कधी त्रास झाला नाही.

दुखतंय म्हणून पोटात काही नसताना, पाणी कमी प्यायलेलं असताना दुखण्याच्या गोळ्या घेऊ नका. अशा वेळी त्या मूत्रपिंडावर येतात. पाय वर करून पडणं आणि पोटरी हलक्या हाताने चोळणं याने रात्रीत बराच फरक पडतो.

पाणी आणि खाणं

तहान लागायची वाट बघू नका. दर वीस मिनिटांनी चार घोट. पण नुसतंच पाणी ढोसू नका, घामातून मीठ गेलेलं असतं आणि वरून साधं पाणीच भरत राहिलं तर डोकं जड होतं, मळमळतं, पेटके येतात. दिवसातून एक-दोन लिटर तरी ओआरएसचं प्या. पुडीवर लिहिलेलं असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी टाका. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. लघवी पिवळी गर्द झाली की पाणी कमी पडतंय असं समजा.

वाटेत गावोगावी पाणपोया, मठ्ठा, सरबत, कलिंगड, खिचडी, पुरी-भाजी. माणसं हात धरून बसवतात, नाही म्हटलं तर रागावतात. प्रत्येक मांडवात "आईचा प्रसाद" म्हणून खात गेलो तर देवळ्यापर्यंत पोट बिघडतं, हे मी दोनदा सिद्ध केलेलं आहे. बर्फ टाळा, तळलेलं टाळा, पिवळं-लाल सरबत एखादंच घ्या. खिचडी, भाकरी, ताक, केळं हे कुठेही चालतं. प्रसाद म्हणून चिमूटभर घ्या आणि हात जोडा, कोणी वाईट वाटून घेत नाही.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. चालणारा माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या द्यायला लागला, अंग तापलेलं लागलं, तर तो थकलेला नाही, त्याला ऊन बाधलंय. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, मान, काखा, जांघा गार करा आणि 108 ला फोन लावा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

रस्ता

धुळे ते मालेगाव पन्नास किलोमीटर सगळा महामार्ग. फोडापेक्षा, उन्हापेक्षा मोठा धोका इथे आहे. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, म्हणजे उजव्या कडेने, डांबराच्या पांढऱ्या पट्टीबाहेर, एकामागे एक. चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट शंभर-दीडशे रुपयांत मिळतं, घ्या. नाहीतर पिशवीला मागे-पुढे चमकपट्टी चिकटवा. कानात हेडफोन नको. पहाटे चालकांना झोप अनावर असते, त्यांच्या भरवशावर राहू नका.

झोपायचं तर रस्त्यापासून लांब: शाळा, देऊळ, मंगल कार्यालय, शेतातलं शेड. कडेला उभ्या ट्रकच्या सावलीत किंवा खाली कधीही नाही. मालक येतो, गाडी चालू करतो, खाली कोण आहे त्याला दिसत नाही.

मालेगाव ओलांडलं की गिरणा लागते. ही आपल्या जळगावकडे जाऊन तापीला मिळणारी गिरणा, आणि आता आपण तिच्या उगमाकडे चालत असतो. सौंदाण्याच्या पुढे महामार्ग सुटतो, देवळ्याचा रस्ता लागतो आणि जीव भांड्यात पडतो. इथून कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्टा, भाषा आपलीच अहिराणी, शेतात उन्हाळ कांद्याची काढणी चाललेली. रस्ता अरुंद असतो, उत्सवाच्या गाड्यांची गर्दी असते, म्हणून जाकीट काढू नका. देवळा ते कळवण हा टप्पा मला सगळ्यात सोपा वाटतो, बहुधा तोवर पाय पाय राहिलेले नसतात म्हणून.

नांदुरी आणि वर

उत्सवात खासगी गाड्या नांदुरीलाच अडवतात, वर एसटीच्या बस चालतात. म्हणजे तुमचा टेम्पोही खालीच. नवखे इथे फसतात: पांघरूण, कपडे, औषध टेम्पोत आणि माणूस वर. नांदुरीला थांबून रात्रीपुरतं सामान पाठीवर घ्या, टेम्पोवाल्याचा नंबर घ्या आणि कुठे उभा राहणार ते ठरवा.

घाट दहा किलोमीटरचा. पहाटेच चढा. लहान पावलं, कंबरेतून किंचित पुढे झुकून. गडाच्या एका जुन्या पायवाटेचं नावच रडतोंडी आहे, यावरून काय ते समजा. वर पोचल्यावर देवळापर्यंत सुमारे पाचशे पायऱ्या राहतातच. 2018 पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. गुडघे बोलत असतील तर निदान उतरताना तिने या, उतरणीला गुडघ्यांवर जास्त भार येतो. पायऱ्या सोडल्या म्हणून नवस अर्धा राहतो असं कोणी म्हटलं तर त्यांना त्यांच्या पायऱ्या उतरू द्या.

चतुर्दशीला रात्री दरेगावच्या गवळी घराण्याचा मान असलेला ध्वज शिखरावर लागतो. तो बघायला थांबणार असाल तर दुपारीच जागा धरून झोप काढा. दर्शनाच्या रांगेत काही तास जातात, त्यामुळे रांगेत शिरण्याआधी पाणी सोबत घ्या. पाच दिवस नीट चाललेली माणसं रांगेत चक्कर येऊन पडताना मी पाहिली आहेत. आत गेल्यावर अठरा हातांची, आठ फूट उंच मूर्ती समोर असते आणि तुम्हाला उभं राहायला दोन सेकंद मिळतात. मागणं आधीच ठरवून ठेवा, तिथे सुचत नाही.

परत येताना

परत चालत यायचं नाही. नांदुरीहून एसटी मिळते, गर्दी पौर्णिमेला दुपारनंतर ओसरते. घरी आल्यावर दोन दिवस पाय कोमट मिठाच्या पाण्यात, पण उघड्या जखमा असतील तर आधी त्या भरू द्या. एकदम खाटेवर पडून राहू नका, रोज थोडं चाला, नाहीतर पोटऱ्या आखडतात. फोडाभोवती लाली पसरत गेली, पू झाला, ताप आला तर लगेच दवाखान्यात.

आणि अंगठ्याचं नख काळं पडलं असेल तर ओढू नका. खालून नवीन येतं, जुनं आपोआप सुटतं. माझं पहिल्या वर्षीचं आषाढात सुटलं. तोवर आमच्या गल्लीतले दोघे मुक्ताईच्या पालखीबरोबर मुक्ताईनगरहून पंढरपूरच्या वाटेला लागले होते, महिनाभराची चाल. मलाही चल म्हणत होते. मी त्यांना नख दाखवलं.